दादाच्या गाडीचं चलान

किसन सकपाळ सकाळपासून तणतणत होते. स्कूटर खाली जिन्याशी उभी, हेल्मेट खुंटीला, आणि मोबाइलवर आलेल्या चलानाची लिंक उघडली तर आत लिहिलेलं, ‘हेल्मेट नाही, खारघर’. फोटोत भलत्याच कुणाची तरी मोटारसायकल होती. तिच्या पाटीवर चिखल उडालेला, तिनाचा आठ दिसत होता, आणि तो आठ सकपाळांच्या स्कूटरच्या नंबरात होता.

“सगळी नोकरी ट्रॅफिकमध्ये गेली माझी,” ते म्हणाले. “मी पावती फाडायचो तेव्हा आधी माणसाचं तोंड बघायचो. हा कॅमेरा काय बघतो? आकडे. त्याला आकडे पण धड वाचता येत नाहीत.”

“लोकांच्या पावत्या फाडल्यात ना, काका? आता फेडा,” संघप्रिया म्हणाली.

संघप्रिया तांबे आधी विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासायची. कोण खोटं बोलतंय हे सांगायचे पैसे मिळत, पण खरं बोलणाऱ्याचा क्लेमही कंपनी दाबून ठेवी, तेव्हा तिचं डोकं फिरलं. लोकांसाठी स्वतःच तपासाची कामं घ्यायची ठरवून तिने सीवूड्सला दुसऱ्या मजल्यावर ही खोली घेतली आणि निवृत्त हवालदार सकपाळांना सोबत घेतलं. काका मनाने लाखमोलाचे, डोक्याने जरा सावकाश. कामाची वाटणी त्यामुळे आपोआप झाली होती.

दारात एक बाई उभी होती. साठीची, काटक, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला मोबाइल.

“मी गोजरा. करावे गावची,” ती म्हणाली. “माजा पोरगा जिता हाय. तो शोधून द्या.”

संघप्रियाने तिला बसवलं, पाणी दिलं. पाण्याला तिने हात लावला नाही.

हकीकत अशी होती. थोरला मुलगा हरेश. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेआधीच मित्राबरोबर उरणजवळच्या मोऱ्याहून होडी घेऊन समुद्रात गेला. दर्याला नारळ दिल्याशिवाय जाऊ नको म्हणून आईने अडवलं होतं, ऐकलं नाही. होडी उलटली. मित्र दिपेश पोहत किनाऱ्याला लागला. हरेश सापडला नाही. कोळ्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं, काही हाती लागलं नाही.

“पन त्याची गाडी,” गोजराबाई पुढे सरकली. “मोऱ्याच्या जेट्टीवर लावली होती. सकाळी लोक गेले तं गाडी नाय. मंग कोनी नेली? तोच पान्यातून निंगाला आन घेऊन गेला.”

“चावी?”

“एक त्याच्या खिशात. दुसरी घरान खुंटीला, ती तिथंच हाय.”

“गाडी चोरीला गेल्याची तक्रार दिली का?”

“का म्हून द्यायची? पोराची गाडी पोरानं नेली.”

मग तिने मोबाइल पिशवीतून काढला. तो हरेशचा होता. खाऱ्या पाण्याने एक फोन आधी बिघडला होता, म्हणून समुद्रात जाताना तो फोन घरी ठेवून जायचा. आई तो रोज चार्ज करत होती. आणि त्यावर, हरेश गेल्यावर महिन्याभराने, त्याच गाडीचं पहिलं चलान आलं. त्यानंतर मधून मधून येतच राहिली.

“मना एक ठावं हाय, बाय,” गोजराबाई हळू आवाजात म्हणाली. “मी ताट सारलं ना, घास उतरला नाय ना, का दोन-तीन दिसांनी हा फोन वाजतो. आईच्या पोटात अन्न नाय, ह्ये त्याला तिकरं कलतं. मेसेज आला का मंग मी जेवते.”

सकपाळ खिडकीबाहेर बघत राहिले. संघप्रियाने विचारलं, “मेसेजमधली लिंक उघडून फोटो पाहिला का?”

“नाय. धाकला मिथुन बोलला, फसवनूक असते, बँकेतलं पैसं जातात, हात लावू नको. घरान कोनीच नाय उघडली.”

सकपाळांनी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला. एकेक चलान उघडत गेलं. पांढरी चारचाकी. नवी कोरी पाटी, तिच्यावर स्वच्छ ठसठशीत ४१४१. गुन्हा प्रत्येक वेळी एकच, सिग्नलला थांबण्याच्या रेषेपुढे गाडी. वेळ पहाटेची, रस्ता रिकामा. काचेवर उजेड पडल्याने चालकाचा चेहरा कुठेच नव्हता, फक्त फिका शर्ट आणि त्याच्यावरून गेलेला तिरपा काळा पट्टा.

“वेग नाही, सिग्नल तोडणं नाही,” सकपाळ पुटपुटले. “आणि दंड सगळे भरलेत. शहाणा माणूस दिसतो.”

“फारच शहाणा,” संघप्रिया म्हणाली.

“त्याचं तोंड दिसतं का?” गोजराबाईने विचारलं.

“नाही.”

“मंग नको दाखवू. तोंड दिसलं का दाखव.”

हरेशची बायको मनस्वी गणपतीनंतर माहेरी, मोऱ्याला राहायला गेली होती. बालवाडीत शिकवत होती. मुलं घरी गेल्यावर ती ओसरीत येऊन बसली. गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि बोलताना ती ते सारखं पदराखाली ढकलत होती.

“हे काढलं तर सासूबाई मरतील, घातलं तर गाव हसतं,” ती म्हणाली. “मी कोण आहे तेच मला माहीत नाही, ताई. बायको म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर तसा कागद नाही. विम्याच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाला, मॅडम, तुमच्या मिस्टरांची गाडी चलान खातेय आणि दंडही भरला जातोय, मग ते मेले कसे? माझ्या तोंडावर हसला तो.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“ते असते तर माझ्याकडे आले असते.” तिने डोळे पुसले. “कुणी तरी त्यांच्या नावाने गाडी फिरवतंय. कोण असेल त्याचं वाटोळं होवो.”

“सासूबाईंकडे जाता का?”

“सणाला. त्या जेवतात की नाही, हेही मला कळत नाही.”

संघप्रियाने गाडीच्या नंबराचं विचारलं, तशी मनस्वी पहिल्यांदा थोडी हसली.

“चार एक चार एक. रंगाऱ्याने वळण देऊन लिहिला की ‘दादा’ वाचता येतो. मिथुनभावजी त्यांना दादा म्हणतात ना, भावजींच्या हट्टाने तो नंबर घेतला. हवालदाराने एकदोनदा धरलं असेल, पण कॅमेऱ्याला कधी वाचता आला नाही. फुशारकी मारायचे, आपल्याला चलान येतच नाही म्हणून.” तिने मंगळसूत्र पुन्हा पदराखाली ढकललं. “शेवटच्या दिवशीही मी त्यावरूनच भांडले. त्या पाटीवर बोट ठेवून म्हटलं, ही बदला, आणि पट्टा लावत जा. पट्ट्याने शर्ट चुरगळतो म्हणाले, आणि गेले. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे हे.”

परतताना सकपाळ म्हणाले, “आता पाटी साधी आहे. म्हणजे कुणी तरी बदलली. पोलिसांना घाबरून असेल.”

“काका, कॅमेऱ्याला घाबरणारा माणूस कॅमेऱ्याला वाचता येणारी पाटी लावेल का?”

सकपाळांनी यावर बराच विचार केला, पण वाटेत एक रिक्षा आडवी आली आणि विचार तुटला.

दिपेशचं गॅरेज खांदेश्वरला होतं. वय तिशीचं, केस मात्र निम्मे पांढरे. होडी उलटली तेव्हा तो हरेशसोबत होता. त्या दिवसाविषयी बोलताना तो पाना हातात फिरवत राहिला.

“माझा हात त्याच्या हातात होता,” तो म्हणाला. “लाट आली आणि हात नव्हता. झालं. अजून काय सांगू?”

“गोजराबाईंना भेटलास?”

“कुठल्या तोंडाने? तेव्हापासून करावेत पाऊल नाही टाकलं. कुणाशी बोलत नाही, कुणाकडे जात नाही. गॅरेज आणि मी.”

भिंतीवर गाडीची एक जुनी पाटी टांगली होती. वळणदार अक्षरात ‘दादा’. वर वाळलेला झेंडूचा हार.

“ही?”

“हरेशनेच दिली होती. पावसाळ्याआधी काढून साधी बसवून घेतली त्याने. मी आठवण म्हणून ठेवली.”

मागच्या बाजूला ताडपत्रीखाली एक गाडी होती. सकपाळांनी विचारलं तर दिपेश म्हणाला, “गिऱ्हाईकाची आहे. विमावाल्यांची मंजुरी यायचीय.” सकपाळांनी समजूतदारपणे मान डोलावली. हप्ता घेताना दारात येतात आणि मंजुरी द्यायची वेळ आली की कंपनीचा फोन लागत नाही, यावर त्यांचं नि दिपेशचं लगेच एकमत झालं.

संध्याकाळी ते करावेला पोचले. गावात आता घराघरावर मजले चढलेत, भाडेकरू राहतात. गोजराबाईच्या घरावरही एक मजला होता, पण ती नि मिथुन खालीच राहत.

आतल्या खोलीत हरेशच्या वस्तू होत्या तशा ठेवल्या होत्या. “कोनी हात लावायचा नाय, मी पन पुसत नाय,” गोजराबाई म्हणाली. खुंटाळ्याला टोपी, टॉर्च, रेनकोट, सगळ्यावर धुळीचा थर. मधल्या खुंटीला गाडीची चावी लोंबत होती, काळी कुळकुळीत. संघप्रिया तिथे जरा जास्त वेळ उभी राहिली. सकपाळांना चहाचा वास आला होता, ते स्वयंपाकघराकडे वळले.

मिथुन कामावरून आला. कंपनीच्या लोकांना गाडीतून ने-आण करायचा. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, आईसारखाच काटक, डोळे खोल गेलेले.

“तुझ्या भावाच्या गाडीला चलानं येतायत,” संघप्रिया म्हणाली. “तुला काय वाटतं?”

“काय वाटायचंय? दादाला सिग्नलला दम नव्हता कधी. रेषेच्या मागे थांबलाच नाय कधी तो.”

“म्हणजे तोच असेल?”

मिथुनने आईकडे पाहिलं. आई ओट्याशी भात गाळत होती, पण कान इकडेच होते.

“आई म्हणते ना,” तो म्हणाला, “म्हणजे असेल.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संघप्रियाच्या सांगण्यावरून मनस्वी मोऱ्याहून आली. दिपेशला सकपाळांनी जवळजवळ धरूनच आणलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. गोजराबाईने त्याला पाहिलं आणि म्हणाली, “आत ये, लेका. बाहेर कशाला?” तेवढ्यानेच तो रडायला लागला.

सगळे बसल्यावर संघप्रिया म्हणाली, “मावशी, मी सांगते ते ऐकून तुम्हाला त्रास होईल. सांगू का?”

“त्याच्यासाठीच तं आले व्हते तुज्याकरं.”

“पहिली गोष्ट मला पाटीने सांगितली. ‘दादा’ अशी लिहिली की माणसाला वाचता येते, कॅमेऱ्याला नाही. ती काढून कुणी साधी ४१४१ लावली. ज्याला लपायचंय तो असं करणार नाही. ज्याला वाटतं कॅमेऱ्याने आपल्याला पकडावं, तोच करेल. दिपेश म्हणाला, हरेशने पावसाळ्याआधीच पाटी बदलली. पण मनस्वीने शेवटच्या दिवशी त्याच पाटीवर बोट ठेवलं होतं. म्हणजे पाटी हरेश गेल्यावर निघाली, आणि गाडी तेव्हापासून दिपेशकडे आहे. ताडपत्रीखाली.”

सकपाळांनी कपाळावर हात मारला.

“दुसरी गोष्ट. दंड भरलेले. चोर कधी दंड भरतो का, काका? हा भरतो, कारण गाडी पोलिसांनी उचलू नये, पुढचं चलान यायला ती रस्त्यावर हवी. गुन्हाही असा की कुणाला इजा नाही. पहाटे रस्त्यावर कुणी नसताना गाडी रेषेपुढे न्यायची, थांबायचं आणि परत जायचं. या माणसाला गाडी चालवायची नव्हती. त्याला फक्त हा फोन वाजायला हवा होता.”

हरेशचा फोन गोजराबाईच्या मांडीवर होता. तिने त्यावर हात ठेवला.

“फोन कधी वाजायचा, ते मावशींनीच सांगितलं. ताट सारलं की दोन-तीन दिवसांनी. मावशी जेवल्या नाहीत हे मनस्वीला माहेरी कळत नव्हतं. दिपेश तर कुणाशी बोलतच नव्हता. ते कळत होतं या घरातल्या एकाच माणसाला.”

मिथुन जमिनीकडे बघत होता.

“खुंटाळ्यावरच्या सगळ्या वस्तूंवर धूळ आहे, चावीवर नाही. चलानं कशाची आहेत हे घरात कुणीच पाहिलं नव्हतं, लिंक कुणी उघडली नव्हती, आणि मीही काल बोलले नव्हते. रेषेचं तूच बोललास, मिथुन.”

मनस्वी ताडकन उठली. “भावजी, तुम्ही? माझ्या जिवाशी खेळलात. मी त्या साहेबाच्या दारात—”

“वहिनी, मला नव्हतं करायचं असं.” मिथुनने तिच्यापुढे हात जोडले. “त्या रात्री जेट्टीवर सगळे दादाला शोधत होते आणि गाडी तिथं एकटीच उभी. घरची चावी माझ्याकडेच होती, गाडीतल्या दादाच्या बॅगा काढायला म्हणून आणलेली. गाडी दारात एकटी आली असती तर आई काय ते समजली असती. म्हणून दिपेशकडे ठेवली. म्हटलं, आधी आईला सांगू, मग आणू. दुपारी घरी आलो, चावी खुंटीला लावली, आणि आई मला म्हणाली, मिथुन, गाडी नाय तिथं, दादा गेला घेऊन. आणि तिने पाणी मागितलं. त्याच्या आधी तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी कसं सांगणार होतो?”

त्याने बाहीने तोंड पुसलं.

“मग परत खायची बंद झाली. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर पावसाळा काढणार नाहीत. दादा गेला, आई पण जाईल. मला दुसरं काय सुचलं नाय.”

संघप्रिया म्हणाली, “तू आईला जगवलंस. पण वहिनीला मधल्यामध्ये लटकवून ठेवलंस. ते तुला दिसलं नाही.”

“दिसलं,” मिथुन म्हणाला. “दिसत होतं म्हणून झोप नाय येत.”

गोजराबाई इतका वेळ हलली नव्हती. तिने हात पुढे केला. “तो फोटू दाखव, बाय.”

“मावशी, तोंड नाही दिसत.”

“दाखव.”

सकपाळांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग काचेवर, त्या फिक्या शर्टावरच्या तिरप्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

“हरेश पट्टा लावीत नव्हता,” ती म्हणाली. “कवाच नाय. आईनं सांगितलं म्हून पट्टा लावनारा माजा एकच पोर हाय.”

ती मिथुनकडे वळली. त्याला वाटलं मारेल. तिने त्याचं डोकं ओढून मांडीत घेतलं, फोन बाजूला घसरला, आणि इतक्या महिन्यांचं कोंडलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. हरेशच्या नावाने तिने टाहो फोडला. वरचे भाडेकरू जिन्यात आले. सकपाळांनी त्यांना हाताने परत पाठवलं. मनस्वी भिंतीला टेकून खाली बसली आणि तीही रडली, अगदी मोकळी रडली, कारण आता रडायला कुणाची मनाई नव्हती.

शांत झाल्यावर गोजराबाईने सुनेला जवळ बोलावलं. “मी तुजा लय छळ केला, पोरी. तुज्या मनाला येल तवा काढ ते. माजी हरकत नाय. आन त्याचे दिस घालायचे हायेत. भटजीला मिथुन सांगेल.”

चार दिवसांनी हरेशचं कार्य झालं. देह नव्हता, म्हणून दर्भाचा केला. त्यानंतर गोजराबाईला मोऱ्याला जायचं होतं, दर्यात फुलं सोडायला. हरेशच्याच गाडीतून जायचं असं तिचं म्हणणं. तिने संघप्रियाला नि सकपाळांनाही बोलावलं. मिथुन चालवत होता, शेजारी सकपाळ, मागे गोजराबाई, मनस्वी आणि संघप्रिया. फुलांची परडी मनस्वीच्या मांडीवर आणि हरेशचा फोन गोजराबाईच्या हातात होता.

उरणच्या रस्त्यावर एक सिग्नल लाल झाला. मिथुनने गाडी रेषेच्या चांगली मागे थांबवली. आडव्या रस्त्यालाही कुणी नव्हतं. खांबावर कॅमेरा होता.

“मिथुन,” गोजराबाई म्हणाली, “जरा फुडं घे.”

“आई, चलान येईल.”

“येऊ दे. एकदाच.”

मिथुनने सकपाळांकडे पाहिलं. जन्मभर रेषेपुढच्या गाड्यांना काठीने मागे रेटलेला तो माणूस दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून मिठागरांकडे बघत होता. मिथुनने गाडी हळूच रेषेपुढे नेली आणि थांबवली. पट्टा त्याने लावलेला होता.

मोऱ्याला त्यांनी फुलं सोडली. भरती होती, फुलं बराच वेळ जेट्टीच्या पायऱ्यांशीच घुटमळत राहिली, मग गेली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. सकपाळांनी उचलला आणि काही न बोलता संघप्रियाकडे दिला.

“बाय, मी गोजरा,” पलीकडून आवाज आला. “मेसेज आला. मिथुननं भरला पन. आता त्यो फोन बंद करून ठेवते.”

“बरं, मावशी.”

पलीकडे ताट घासायला ठेवल्याचा आवाज आला.

“जेवले मी,” गोजराबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.